लॉन्ड्री सुनेला, पॉलिसी जावयाला

मी, कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीची मालकीण, वय वर्षे बहात्तर, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय (मला दडपणारा अजून जन्मायचा आहे) माझ्यामागे मिळकतीची व्यवस्था अशी लावते:

१. दुकान, यंत्रं, इस्त्र्या आणि गिऱ्हाइकं सुनेला मिळावीत. मुलाने तोंड वाकडं करू नये. कारण त्याला ठाऊक आहे, तरी लिहिते.

वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांचा पाइप फुटला आणि धुतलेले कपडे गढूळ पाण्यात भिजले. दुकानाची पॅकेज पॉलिसी जावईबापूंनीच विकलेली. "आई, आग, चोरी, पाणी, दुकानात कोणाला इजा झाली तर तीही, सगळं एकाच पॉलिसीत. तुम्ही निर्धास्त राहा." नुकसान तपासायला विमा कंपनीचे सर्व्हेअर आले. छताकडे बघत म्हणाले, "हे पाणी दुसऱ्याच्या पाइपचं. पॉलिसीत फक्त तुमच्या पाइपचं धरलंय." असं म्हणत मागे सरकले आणि ओल्या फरशीवर आडवे झाले. पाय मोडला. कंपनीने माझा दावा फेटाळला. सर्व्हेअरच्या पायाचा मात्र 'त्रयस्थाला इजा' म्हणून मंजूर केला. माझ्याच पॉलिसीतून!

मुलगा म्हणाला, "आई, शटर ओढ आता."

सुनेने बाह्या सरसावल्या. कपडे पुन्हा धुतले, वाळवले, आणि म्हणाली, "आई, ज्यांचे बिघडलेत त्यांच्याकडे आधी जाऊ. बाकीचे काय, हसतच घेतील." एका बाईंनी डागाळलेला कोट तिच्या अंगावर फेकला. हिने तो उचलला, नीट घडी करून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि माफी मागितली. पुढच्या आठवड्यात त्याच बाई चादरींचं गाठोडं घेऊन दारात हजर.

२. पॉलिसीची मूळ प्रत जावईबापूंना. विकणाऱ्याने एकदा तरी वाचावी. परवा ते माझ्या आयुष्याचा विमा काढायला आले होते. म्हटलं, "नको. तुमचे सर्व्हेअर म्हणतील, हे मरण पॉलिसीत बसत नाही."

३. सोन्याची साखळी लेकीला. नवऱ्याच्या सल्ल्याने तिचं काहीही करू नये.

४. माझी कवळी दाताच्या डॉक्टरांना परत. पाइपासारखीच तीही त्यांना कधी नीट बसवता आली नाही.

५. राहतं घर मुलाला. मात्र सुनेच्या सहीशिवाय विकता येणार नाही. त्याला शटर ओढायची फार घाई असते.

६. दुकानाच्या पाटीवर माझ्या नावापुढे 'आणि मुलगा' आहे. तिथे 'आणि सून' करावं. एवढ्यासाठी मी मरायची वाट बघायला नको. रंगारी शिडी लावून बसलाय.

हे वाचून, समजून, राजीखुशीने सही केली.

ठिकाण: लॉन्ड्रीचा काउंटर
दिनांक: आजचा, सोमवार
सही: लॉन्ड्रीवाल्या काकू

साक्षीदार:
१. समोरचे चष्मेवाले
२. पाटी रंगवणारे (शिडीवरून उतरून सही केली, लगेच परत चढले)