वाफशाआधी फिरलेला रोटाव्हेटर

प्रति,
मा. केंद्रप्रमुख,
भूमिसाथी अवजार केंद्र, वसई.

विषय : वाडीतील घट्ट थर फोडण्यासाठी चिझल नांगर मिळणे व वाडीवरील फलक काढणे.
संदर्भ : आपल्याशी वारंवार झालेले तोंडी बोलणे. लेखी उत्तर आलेले नाही.

महोदय,

मी अर्नाळ्याजवळ भाजीपाल्याची वाडी कसते. सातबाऱ्यावर माझे पती सिप्रियन यांचे व माझे नाव आहे. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर नांगरट झाल्याने वीतभर खाली कठीण थर बसला होता. म्हणून आम्ही आपणाकडे खोल जाणारा चिझल नांगर भाड्याने मागितला. आपण वरचीच माती घुसळणारा रोटाव्हेटर पाठवलात, कारण त्याचे उद्घाटन होते आणि पाहुणे आमच्या वाडीत यायचे ठरले होते.

आदल्या दिवशी वळीव पडला होता. पतींनी ट्रॅक्टरसमोर उभे राहून विनवले, "साहेब, अजून वाफसा नाय, माती ओलीच हाय. चार दिस थांबा, नायतर माती थापली जाईल." आपण म्हणालात, "पाहुणे वाफसा बघून येत नाहीत." ट्रॅक्टर फिरला. मागोमाग पाहुण्यांच्या गाड्याही वाडीतच लागल्या. टाळ्या झाल्या.

वरची माती पिठासारखी झाली आणि खाली फरशी. पावसाळ्यात पाणी मुरेना, वांगी मुळाशी कुजली. आपण पाहणीस आलात तेव्हा आपल्या शिपायाने मारलेली पहार चार बोटेही आत गेली नाही. त्यानंतर वाडीच्या तोंडाशी आपला फलक लागला : 'अवजाराच्या चुकीच्या निवडीचे उदाहरण. शेतकरी : सिप्रियन तुस्कानो.' तेव्हापासून प्रशिक्षणार्थींच्या तुकड्या येतात, वाफ्यांतून चालून माती आणखी दाबतात आणि जाताना पतींकडे बघून हसतात. आता ते वाडीत फिरकत नाहीत. रविवारी मिस्सा संपण्याआधीच चर्चमधून निघतात, कोणी काही विचारू नये म्हणून.

मागील आठवड्यात सातिवलीचे एक गोदाममालक नव्या गोदामासाठी वाडी मागायला आले. टाच आपटून म्हणाले, "जमीन तयारच आहे. भरावसुद्धा फारसा लागणार नाही." आमच्या वाडीचे एवढे कौतुक आजवर कोणी केले नव्हते. पतींनी होकार दिला. मी दिलेला नाही.

तरी फलक आजच काढावा, तुकड्या थांबवाव्यात आणि माती पुरेशी सुकताच चिझल नांगर पाठवावा. पुढे ताग पेरून जमीन भुसभुशीत करण्याचे काम माझे. नांगर न आल्यास गोदामाच्या कागदावर मीही सही करीन, आणि उदाहरण दाखवण्यासाठी आपणास दुसऱ्या कोणाची तरी वाडी शोधावी लागेल.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
एमिली सिप्रियन तुस्कानो
दि. ६ नोव्हेंबर २०२४

सोबत : फलकाचे छायाचित्र.