हवामान बघून औषध दे

धाकट्या बंधुराजांस,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (रागाने दिलेले आशीर्वादही लागू पडतात असं आई म्हणायची, म्हणून देऊन ठेवते.) पाठ कशी आहे? वाकता येतं का? डॉक्टरांनी तुला वजन उचलायला बंदी केली हे ऐकून वाईट वाटलं. ते वजन तू माझ्या डोक्यावर ठेवलंस हे आठवून जास्त वाईट वाटलं. वहिनीला माझा निरोप दे, ह्याला अजिबात उठू देऊ नकोस म्हणावं; हा उठला की कुणाच्या तरी गळ्यात काहीतरी बांधतो. इकडे आम्ही ठीक. म्हणजे मी ठीक नाही, पण ते विचारायला तुझ्या पत्रात जागा उरली नव्हती, सगळी माश्यांच्या चौकशीत गेली.

तर तुझ्या मधमाश्यांच्या तिन्ही पेट्या आमच्या लॉन्ड्रीच्या गच्चीवर आल्या त्या दिवशी तू फोनवर सांगितलंस, ताई, व्हॅरोआ आहे का तेवढं बघ, असला तर हवामान बघून औषध दे. हवामान बघून. जसं काही हवामान म्हणजे भिंतीवरचं घड्याळ, मान वर केली की दिसलं. व्हॅरोआ म्हणजे तिळाहून बारीक तांबडा किडा, गोचिडासारखा माशीच्या अंगाला चिकटतो आणि मेणाने बंद केलेल्या घरात शिरून तिच्या पिल्लांना शोषतो, त्याच्याकडे दुर्लक्ष केलं तर थंडीपर्यंत पेटीच्या पेटी मरते, हे सगळं मला तुझ्यामुळे कळलं. नसतं कळलं तरी माझं काही अडलं नव्हतं.

बघायची रीत तूच सांगितलीस. बरणीत अर्धी वाटी माश्या घ्यायच्या, वर पिठीसाखर टाकायची, बरणी हलवायची, किडे सुटून झाकणाच्या जाळीतून ताटलीत पडतात आणि माश्या साखर चाटत घरी जातात. आमच्या माश्या घरी गेल्या नाहीत. बरणीचं झाकण ह्यांच्या हातात होतं (ह्यांच्या हातात काही द्यायचं नाही हे मी लग्नानंतर लगेच शिकले होते, पण दुसरा हात कुणाचा आणणार), ते निसटलं आणि पांढऱ्याशुभ्र माश्या जिन्याने खाली दुकानात उतरल्या. तिथे वकीलसाहेब कोर्टात जायच्या घाईत काळा कोट न्यायला उभे. माश्या त्या कोटावर ओळीने चालू लागल्या. मी म्हटलं, घाबरू नका, नुसती साखर आहे. त्यावर त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, तुम्ही खळीऐवजी साखर वापरता का. तेव्हापासून त्यांचे कोट पलीकडच्या गल्लीत जातात.

ताटलीतले किडे मोजायला बसले तर माझी बोटं संपली, मग ह्यांची उसनी घेतली. औषध द्यायचं ह्यात वादच नव्हता, वाद कोणतं ह्याचा. फॉर्मिक ॲसिडच्या पट्ट्या बंद घरातल्या किड्यालाही गाठतात, पण पट्ट्या ठेवल्यावर पारा तिसाच्या वर गेला तर राणीच जायची भीती. (तुझी ती, पाठीवर रंगाने निळा ठिपका लावलेली राणी, जिला तू बाईसाहेब म्हणतोस आणि सख्ख्या बहिणीला नुसतं ताई.) थायमॉल म्हणजे ओव्याचा अर्क, त्याला ऊब लागते, गार पडलं की तो डबीत तसाच बसून राहतो, फार तापलं की माश्याच बाहेर येऊन बसतात, आणि मधाला ओव्याचा वास मारतो तो वेगळाच. ऑक्झॅलिक ॲसिडला हवेचं एवढं कौतुक नाही, पण ते बंद घरात शिरत नाही, आणि उन्हाळ्यात बाईसाहेबांचा संसार पिल्लांनी गच्च भरलेला. म्हणजे एकाला ऊन चालत नाही, दुसऱ्याला गारवा चालत नाही, तिसऱ्याला घरात मुलंबाळं चालत नाहीत. भाडेकरू ठेवणारे घरमालकसुद्धा इतक्या अटी घालत नाहीत.

शेवटी फॉर्मिक ठरलं. आता फक्त हवामान बघायचं होतं. ह्यांनी मोठ्या उत्साहाने गच्चीच्या दाराशी थर्मामीटर ठोकला, माश्यांच्या वाटेत न जाता बघता यावा म्हणून. आणि काय सांगू तुला, असला उन्हाळा मी जन्मात पाहिला नाही. सकाळी ऊन, दुपारी ढग, संध्याकाळी गारा. रेडिओवाला म्हणतो कोरडं, की समजायचं छत्री काढा. एक दिवस अंगावर शाल घेऊन दारात उभी होते, बाहेर गारांचा खच, आणि पारा चौतीस. शालीत कुडकुडत मी चौतीस वाचलं. हवामानाला काही लाज? फक्त रविवारी, दुकान बंद असतं तेव्हा, ते जरा शहाण्यासारखं वागायचं आणि बावीस-तेविसावर यायचं. म्हणून एका रविवारी देवाचं नाव घेऊन पट्ट्या ठेवल्या. सोमवारी दुकान उघडलं, दोन कोट इस्त्री करून होतात न होतात तोच पारा छत्तीस. बाईसाहेब गेल्या म्हणून माझा जीव घाबरा झाला. आम्ही पट्ट्या चिमट्याने उपटून काढल्या, ह्यांचे डोळे दिवसभर चुरचुरले, आणि सावली म्हणून मी पेट्यांवर हॉटेलच्या धुतलेल्या चादरी ताणल्या. एक चादर वाऱ्याने नेली. उरलेल्यांवर तुझ्या माश्यांनी पिवळे ठिपके पाडले. ते कशाचे, हे मी हॉटेलवाल्याला अजून सांगितलेलं नाही.

एवढं सगळं निस्तरत असताना तुझं पत्र आलं. ताई, तुला झेपत नसेल तर पेट्या मधवाल्याला विकून टाकतो, तो गाडी घेऊन येईल. झेपत नसेल. लोकांच्या लग्नाचे कोट ज्या बाईने उभी हयात एक सुरकुती न ठेवता दिले, तिला तीन लाकडी खोकी झेपत नाहीत. तर खुशाल पाठव तुझ्या मधवाल्याला. जाऊ देत पेट्या एकदाच्या, गच्ची मोकळी होईल, मला दोऱ्या बांधता येतील. माझं आता काही म्हणणं नाही.

तुझी (नाइलाजाने),
ताई

ता. क. पत्र टाकायला ह्यांच्याकडे दिलं होतं, ते कोटाच्या खिशातून धुण्याच्या ढिगात गेलं. आज सापडलं म्हणून पुढे लिहिते. मधे एका दुपारी वीज गेली, इस्त्रीचा बॉयलर बंद पडला, आणि बघता बघता गच्चीवरचा पारा चौतिसावरून पंचविसावर घसरला. हे पाऱ्याकडे बघत राहिले, मी भिंतीकडे. बॉयलरचा वाफेचा पाइप थर्मामीटर ठोकलेल्या त्याच भिंतीतून वर जातो. सगळा उन्हाळा मी हवामानाला शिव्या घातल्या त्या आमच्याच इस्त्रीला लागत होत्या. हवामानाची मी अर्धी माफी मागते. अर्धीच, कारण गारा काही पाइपने पाडल्या नव्हत्या.

ता. क. दुसरा. थर्मामीटर पेटीच्या सावलीत नेला. मग खरोखरचा गारवा बघून नव्या पट्ट्या ठेवल्या आणि मुदत भरेपर्यंत हलवल्या नाहीत. काल पुन्हा साखर लावली (झाकण मी धरलं). ताटलीत दोन किडे पडले. पेटी उघडली तर ताजी अंडी, आणि तो निळा ठिपका ऐटीत फिरताना दिसला. मला रडू आलं. ह्यांना सांगितलं, ॲसिडचं आहे.

ता. क. शेवटचा आणि महत्त्वाचा. माझ्या उत्तराची वाटही न बघता तू धाडलेला मधवाला सकाळी गाडी घेऊन आला होता. पहिल्या वेळची किड्यांनी भरलेली ताटली मी जपून ठेवली होती, तीच त्याच्यापुढे धरली. त्याच्या स्वतःच्या पेट्या आहेत, त्यांना लागण नको म्हणून तो चहालासुद्धा थांबला नाही. तो तुला फोन करील. त्याने विचारलं तर म्हण, ताई म्हणते ते खरं, पेट्यांत काही राम नाही. आणि कुणाबरोबर तरी एक रिकामी पेटी पाठवून दे, बाईसाहेबांना जागा पुरेना. स्वतः मात्र येऊ नकोस. पाठीला जप, डॉक्टरांचं ऐक. तुला वजन उचलायचं नाही, पेट्या इथेच बऱ्या आहेत.