वरची एक कोळंबी

आये,

पास झाले मी! नेरूळच्या कॉलेजात, मासळी पॅकिंगच्या सर्टिफिकेट कोर्साला, पंचेचाळिसाव्या वर्षी! सहा महिने दर शनिवारी गुडघ्याच्या डॉक्टरकडं जाते म्हनून तुला सांगत होते ना, ते खोटं. गुडघे ठनठनीत हायेत.

परीक्षेत कोळंबीची पाव किलोची पाकिटं भरायची होती. आपन जन्मभर दिवाळे गावच्या बाजारात वाटे लावून विकलं, काटा कधी बघितला? तरी माझा हात बरोबर पाव किलोवर थांबला. मॅडम बघतच राहिल्या! आनि मग तू शिकवलंस तशी प्रत्येक पाकिटात वर एक कोळंबी गेलीच.

"पुतळाताई, वजन जास्त झालं. ती काढा."

ती काढायला माझा हात धजलाच नाय. मॅडमनी दोन मार्क कापले.

सातवीतून शाळा सोडवून तू मला मासळीच्या पाटीमागं बसवलंस, तो राग मी आजवर धरून होते.

हे पत्र तिकडं धाडलं तर तुझा लेक धनेशच तुला वाचून दाखवील आनि गावभर करील. म्हनून ठेवते. त्याच्याकडून परत आलीस की मीच वाचीन.

शंभरातले अठ्ठ्यान्नव माझे. कापलेले दोन तुझे.

तुझी,
पुतळा