गुरुजींच्या हातातली जंबेरी

सौंसर, मंगळवार, संध्याकाळ

नर्सरीच्या गिऱ्हाइकांकडून अभिप्राय मागवायचे होते. सकाळभर मी मेलचा सब्जेक्टच लिहून राहिली होती. शेवटी जमला: 'तुमच्या बागेतलं पहिलं संत्रं कसं निघालं?' सगळ्यांना पाठवला.

दुपारी लोधीखेड्याच्या रिटायर गुरुजींचं उत्तर आलं. शब्द एकही नाही, नुसता फोटो. झाडभर जंबेरी, लिंबासारखी आंबट. एका फळाखाली त्यांचा हात.

जंबेरीच्या रोपावर आम्ही संत्र्याचा डोळा बांधून कलम करतो. डोळा मेला की खालची जंबेरीच जोमानं वाढते. पाच वर्षांआधी, गुरुजींनी रोपं नेली त्या उन्हाळ्यात, डोळे वाळलेले मी पाहिले होते. तरी रोपं गाडीत चढवून दिली. मीच. तेव्हा तोंड का नाही उघडलं?

नर्सरीच्या मालकांना फोटो दाखवला. त्यांनी पाहिला न पाहिला.

"सब्जेक्ट मस्त लिहिला तू. पण ज्याइच्या झाडाले अजून फळ नाही लागलं, त्याइलेच पाठव."

त्याच उन्हाळ्यातल्या गिऱ्हाइकांची यादी काढली. फळ न लागलेले अकरा निघाले. त्यांच्यासाठी नवा सब्जेक्ट लिहिला: 'तुमची झाडं किती उंच झाली?' तो हात डोळ्यापुढून जात नव्हता, तरी पाठवला.

उत्तरं येऊन राहिली आहेत. सगळे खूश आहेत.