शोकेसमधला वाघ

चंद्रपूर,
रविवार, १४ सप्टेंबर १९८६

चि. कांता हिस सप्रेम जयभीम.

तुझा गुडघा, रामाजींचा खोकला आणि तुझी शेळी यांच्या तब्येती याच क्रमाने कळव (मागच्या पत्रात शेळीवर दीड पान आणि नवऱ्यावर एक ओळ होती). माझी तब्येत उत्तम आहे, आज अपमान झाला तेवढा सोडून.

तुला माहीत आहेच, मी रिटायर झाल्यापासून निमगडे सरांच्या रविवारच्या इंग्रजी वर्गाला जाते. बाहेरून बी. ए. करणाऱ्यांना तिथे मेटॅफर, आयरनी, हायपोथिसिस असले साहित्यातले आणि अभ्यासातले शब्द शिकवतात. मला काय शिकायचं होतं? कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरच्या छडीखाली मी अर्धी डिक्शनरी पाठ केली आहे. मी गेले ते सर कुठे चुकतात ते बघायला. चुकत नाहीत, हा पहिला मनस्ताप. दुसरा असा की दिवाळीनंतरच्या नव्या तुकडीला शिकवायला ते आमच्यातलंच कुणीतरी नेमणार आहेत. ती जागा माझी, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं (घरी भिंतींना किती दिवस इंग्रजी ऐकवू?).

पण सरांची रीत विचित्र. डिक्शनरीतला अर्थ सांगितला की म्हणतात, "बसा." स्वतः पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टीवर शब्द बसवून दाखवला तरच खडू हातात देतात, मग तो शब्द आपण फळ्यावर आपल्या नावासकट लिहायचा. तीन महिन्यांत मला एकदाही खडू मिळालेला नाही. बुधरीला नऊ वेळा! ही बुधरी एटापल्लीकडची, इथे दवाखान्यात नर्स, वय चोवीस, आणि उच्चार असे की सिस्टरने बाकावर उभी केली असती. मेटॅफर आला, तर हिची आजी म्हणे मोहाच्या झाडाला लेकीबाळींचं माहेर म्हणते. झालं, खडू! सर अशी मान डोलावतात की मला वाटतं, निखळून पडावी.

आजचा शब्द होता एव्हिडन्स. म्हटलं, आता बघा. आलापल्लीच्या जंगल ऑफिसात मी तीस वर्षं टाइपरायटर बडवला, वाघांच्या मोजणीचे रिपोर्टसुद्धा माझ्याच बोटांखालून गेले. निरोपाच्या दिवशी साहेबांनी वाघाच्या पंजाचा प्लास्टरचा ठसा दिला होता, खाली पितळी पट्टी. येणाऱ्या पाहुण्याला मी तो चहाच्या आधी दाखवते. तो टॉवेलात गुंडाळून नेला, टेबलावर मांडला आणि दहा मिनिटं अस्खलित इंग्रजीत बोलले. सरांचा हात खडूकडे गेलाही होता. तेवढ्यात बुधरीने ठसा उचलून खिडकीशी नेला.

"बाई, राग नका मानू. हा वाघ नोहे. नखं उमटले, पाहा. वाघ नखं आत घेऊन चालते. हे तडस होय, तुम्ही तरस म्हणता ते."

"खुद्द साहेबांनी दिलाय तो!"

"साहेबाले तरी कोणी जंगलात नेलं असन का, बाई?"

"मग पिल्लू असेल वाघाचं."

"पिल्लू असो का म्हातारा, नखं आतच."

मागून कोर्टातला कारकून लटारू म्हणतो, "मंग बाईनं तीस वर्सं तडसच टाइप केले का?" वर्ग हसला. खडू बुधरीला. वर सर मला म्हणतात, "कमलाताई, आज तुम्हाला आयरनी कळली." त्यांना तिची व्याख्या मी चार वेळा लिहून दिली आहे!

कहर म्हणजे ती पोरगी ठसा उचलून रिक्षापर्यंत आली. म्हणाली, "तुम्ही बोलता तवा मी नुसती ऐकत राह्यते. मले येईन का असं बोलता?" म्हटलं, नाही येणार. (रिक्षा वळल्यावर डोकं बाहेर काढून ओरडले, शनिवारी ये.)

नातवंडांना आशीर्वाद.

तुझी मोठी बहीण,
कमला

ता. क. ठसा परत शोकेसमध्येच ठेवला आहे. तडस ओळखणारे पाहुणे माझ्याकडे येत नाहीत.

आणखी ता. क. पुढच्या रविवारचा शब्द आहे प्रायमरी सोर्स, म्हणजे ज्याने पाहिलं त्याच्याच तोंडून. लहानपणी घरी पाहिलेलं काहीतरी सांगायचं आहे. सर मला पहिली उभी करणार आणि त्यानंतर जागेचं ठरवणार. दुपारपासून आठवते आहे, पण सहाव्या वर्षी मला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात घातलं, आठवते ती घंटा आणि छडी. आई धान रोवायला निघताना काय म्हणायची, तुला बांधावर कुठे बसवायची, शिदोरीत काय असायचं, अशी एक सकाळ नीट लिहून पाठव. मी ती माझी म्हणून सांगेन. हे खोटं आहे, मला कळतं. पण तुझ्याकडे अशा सकाळी ढीगभर आहेत कांते, आणि पन्नास वर्षं मी तुझा हेवा करते आहे. एक दिलीस तर तुला कमी पडणार नाही.