कप्तानाविना उडालेलं विमान

प्रिय उजव्या,

आमच्या घरचा जावई म्हणून तुला नमस्कार आणि माझा सहवैमानिक म्हणून आशीर्वाद. दोन्हीतलं जे झेपेल ते ठेवून घे. तुझा गुडघा काय म्हणतोय? आणि तुझ्या बायकोचा, म्हणजे आमच्या धाकटीचा, रक्तदाब? हे दुसरं जरा सविस्तर कळव, कारण तो चढलेला असेल तर हे पत्र तिच्या हाती लागू देऊ नकोस, आणि उतरलेला असेल तर मुळीच लागू देऊ नकोस. इकडे सगळं क्षेम आहे. तुझी वहिनी मजेत. माझी कंबर दुखते, पण ती रोज ठरल्या वेळी दुखते, त्यामुळे तिच्याबद्दल माझी तक्रार नाही; या देशात वेळेवर काम करणारं तेवढं एकच खातं उरलंय.

आता मुद्द्याचं. (मी मुद्द्यावर येतो म्हणालो की तू घड्याळ बघायचास, अगदी कॉकपिटमध्येसुद्धा. बघ खुशाल.) पुढच्या महिन्यात परेडमध्ये माझ्या नातीच्या छातीवर वैमानिकाचे पंख लागणार, हे तुला ठाऊक आहेच. परेडला घरातल्या निवृत्त सैनिकांनी आपापली पदकं लावून यावं असं निमंत्रणात छापलंय, आणि त्याखाली पोरीने पेनने लिहिलंय, "आजोबा, तिन्ही लावून या." तिन्ही! अरे, माझ्याकडे तिन्ही तर सोडच, एकही नाही. लहानपणी तिला झोपवताना मी जे जे सांगितलं त्यावर ती अजून विश्वास ठेवून बसली आहे. (मी खोटं काही सांगितलेलं नाही. उड्डाणं केली, गोळ्या अंगावर घेतल्या, तीन पदकं मंजूर झाली. ती हातात पडली नाहीत, एवढा बारीक तपशील सांगायचा राहून गेला.) त्यात माझ्या शेजारची खुर्ची व्याह्यांची, म्हणजे माझ्या सुनेच्या वडिलांची. हे गृहस्थ सैन्याच्या गोदामात होते. अख्ख्या नोकरीत त्यांनी ब्लँकेटं मोजली, आणि तीही बसून. ब्लँकेटाने त्यांच्यावर कधी गोळी झाडल्याचं ऐकिवात नाही, तरी छातीवर पदकांची अशी दाटी की गृहस्थ एका अंगाला कलून चालतात. आणि पेटलेल्या इंजिनानिशी तुम्हा सगळ्यांना घरी आणणारा मी, त्यांच्या शेजारी कोरा कोट घालून बसणार. तुझ्या वहिनीने कोटावर पदकांची पट्टी आधीच शिवून ठेवली आहे. कोट दाराच्या मागे टांगलाय, आणि मी जाता-येता त्याची नजर चुकवतो.

तू म्हणशील, इतकी वर्षं काय झोपला होतास? बाबा रे, त्या विमानात झोपायचं काम तुझ्याकडे होतं. (तुला आधी उजवी सीट दिली, मग बहीण दिली, दोन्हीकडे तू घोरलासच.) पदकं वाटली तेव्हा मी काविळीने पिवळाधम्मक होऊन दवाखान्यात पडलो होतो. तुझी तुला समारंभात मिळाली, माझी टपालाने येतील असं सांगितलं. ती आली नाहीत आणि मी मागायला गेलो नाही. मागून घेतलेलं पदक काय आणि मागून घेतलेला सलाम काय, दोन्ही सारखंच, असं माझं तेव्हा मत होतं. मत अजूनही तेच आहे, पण नातीपुढे माझ्या मताला विचारतो कोण?

तेव्हा गेलो. नोंदी आणि पदकं यांचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट दुसऱ्यापर्यंत जाते. (तिसरा मजला लिफ्ट बसवल्यावर चढवला म्हणे. म्हणजे कार्यालयाची स्वतःची नोंदही चुकलेलीच.) चौकशीची खिडकी इतकी खाली बसवली आहे की साक्षात जनरलसाहेब आले तरी त्यांना कमरेत वाकूनच बोलावं लागेल. खिडकीत एक गृहस्थ बसतो, त्याचं नाव मी उद्याराव ठेवलंय. का ते विचारू नकोस. त्याच्या टेबलावर टाचण्यांची डबी, वाळून कोळ झालेलं स्टँपपॅड आणि एक कुंडी. कुंडीतलं रोप प्लॅस्टिकचं आहे, तरी तो त्याला रोज पाणी घालतो. अशा माणसाच्या हाती माझी अब्रू!

उद्यारावाने दोन बोटांनी कॉम्प्युटरवर माझं नाव बडवलं आणि मोठ्या आनंदाने सांगितलं की तुम्ही एकही उड्डाण केलेलं नाही. मग मी विमानाचा नंबर सांगितला, तर काय, सगळी उड्डाणं हजर! तारखा बरोबर, खाली टाकलेली रसद बरोबर, पेटलेलं इंजिन बरोबर. सहवैमानिक म्हणून तू. इंजिनाकडे बघायला बिचारा आपला जाड्या (देव त्याला वर सुखात ठेवो). आणि कप्तान? कोणी नाही. म्हणजे सरकारी हिशेबाने विमानाचा उजवा अर्धा भाग शत्रूच्या गोळीबारातून पराक्रम गाजवत चालला होता आणि डावा अर्धा भाग घरी दाढी करत बसला होता. मी म्हटलं, अहो, कप्तान नव्हता तर विमान वर गेलं कसं? तर म्हणतो, "ते टेक्निकल झालं. टेक्निकलचं ऑफिस वेगळं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण वाकलेल्या स्थितीत रागावताही येत नाही रे नीट. ती खिडकी त्यासाठीच तशी बसवली असणार.

घोटाळ्याचं मूळ तुला समजावून सांगायला नको. आपल्या तुकडीची रीत आठवते ना? उतरल्यावर अहवाल कप्तानाने भरायचा, त्यात बरोबरच्यांची नावं लिहायची आणि खाली सही ठोकायची. स्वतःचं नाव वर घालायचं नाही, कारण सही करणारा तोच कप्तान, हे धावपट्टीवरच्या कुत्र्यालाही माहीत होतं. आपले मिशाळ कमांडर तर म्हणायचे की एका कागदावर स्वतःचं नाव दोनदा लिहितो तो पुढारी, वैमानिक नव्हे. पुढे कोणा दीडशहाण्याने ते सगळे अहवाल कॉम्प्युटरात चढवले आणि वरची नावं तेवढी उचलली. खालची सही वाचतो कोण? (माझी सही वाचता येत नाही हा धडधडीत खोटा आरोप आहे. बँकेत ती वाचतात. निदान पैसे तरी देतात.) अशाने आपल्या तुकडीतले सगळेच कप्तान पुसले गेले. पण बाकीचे देवाघरी गेले, आणि तिथे कोणी नोंदी तपासत नसावं. भांडायला उरलो मी एकटा.

पुरावा आणा म्हणाला. आधी आपला विमानापुढचा फोटो नेला. तू, जाड्या, पोती ढकलणारी दोन पोरं, सगळे दात काढून उभे आहात. मी नाही, कारण फोटो काढणारा मी. पुढ्यातल्या गवतावर माझी सावली पडलीय, चांगली टोपीसकट. उद्यारावाने भिंग लावून ती न्याहाळली आणि सावलीला पदक देण्याची तरतूद नाही असं सांगितलं. बरं, म्हटलं, साक्षीदार देतो. प्रत्यक्ष शेजारी बसलेला, जिवंत, बऱ्यापैकी शुद्धीवर असलेला. तुझं नाव घेतलं. त्याने विचारलं, तुमचे कोण लागतात? मी सरळ माणूस, बोलून गेलो, मेहुणा. झालं! नातेवाइकाची साक्ष चालत नाही. अरे पण तेव्हा हा माझा कोणीही लागत नव्हता, लग्न त्यानंतर झालं, असं मी खिडकीत डोकं घालून ओरडलो. तर शांतपणे म्हणतो, "आता लागतात ना?" म्हणजे तुला बहीण दिली नसती तर आज तिन्ही पदकं माझ्या घरात असती. त्या लग्नापायी मी काय काय सोसलं हे आजवर बोललो नाही, पण एवढी किंमत पडेल असं तेव्हा कोणी म्हणालं नव्हतं.

शेवटी तुझ्याच पदकाबरोबरचं मानपत्र मिळवलं. (धाकटीकडून, तुझ्या परस्पर. तिने कॉपी पाठवली आणि वर ऐकवलं की ती तुझी पदकं दर रविवारी फडक्याने पुसते. दादाकडे पुसायला काही नाही हे ठाऊक असताना हं!) त्यात स्वच्छ लिहिलंय की इंजिन पेटल्यावर कप्तानाच्या आज्ञेनुसार तू आग विझवलीस. बघ! कप्तान होता! आज्ञासुद्धा देत होता! (आज्ञा कसली, शिवी होती, पण तुझी शिफारस मीच लिहिली, तेव्हा तिची आज्ञा केली.) तो कागद घेऊन उद्यारावाला टांग मारली आणि थेट मोठ्या साहेबांच्या खोलीत घुसलो. खोलीत गालिचा, तीन टेलिफोन, आणि भिंतीवर ढगांतून चाललेल्या लढाऊ विमानाचं मोठं चित्र. विमान ढगात आणि चाकं बाहेर. हे चित्र ज्याला रोज बघवतं त्याच्याकडून काही आशा ठेवायला नको होती. पण माणूस गोड. त्यांनी मानपत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि म्हणाले की आपण फार मोठी विसंगती आमच्या नजरेला आणून दिलीत, नोंद दुरुस्त होईल आणि परेडच्या आत होईल. मला चहा पाजला. उठून दारापर्यंत पोचवायला आले. मी जिना शीळ घालत उतरलो, कंबर बिंबर सगळं विसरून.

असो. पदकांचं मला काडीचं कौतुक नाही, हे तू जाणतोसच. पत्र्याचा तुकडा आणि वर रंगीत फीत, लहान मुलांच्या दुकानात याहून चांगलं मिळतं. तरी म्हटलं, तुला हकीकत कळवावी. गुडघ्याला तेल लाव, जिने कमी चढ, आणि धाकटीला आशीर्वाद सांग. म्हणजे, नकोच सांगू. पत्र आलं हेच सांगू नकोस.

तुझा,
सरकारदरबारी जमिनीवरून कधीच न हललेला,
कप्तान

ता.क. वर जिच्याबद्दल लिहिलं ती दुरुस्ती झाली. काल कळलं. साहेबांचं म्हणणं असं की सहवैमानिकाला पदकं मिळतात ती कप्तानाच्या शिफारशीवरून. कप्तान तर नोंदीत नाही. मग तुझी शिफारस केली कोणी? तेव्हा विसंगती दूर व्हावी म्हणून तुझी तिन्ही पदकं परत मागवायची असं ठरलंय. तुला रजिस्टर्ड पत्र येईल. धाकटी दारात जायच्या आत ते तू गाठ. खरं म्हणजे एवढंच सांगायला पत्र लिहायला घेतलं होतं, पण गुडघ्याची चौकशी करता करता लांबलं.

ता.क. दुसरा. पाकीट पुन्हा फोडून लिहितोय. ते रजिस्टर्ड पत्र आता येणार नाही. आज सकाळी जाऊन मी अर्ज मागे घेतला. (त्यासाठी मात्र उद्यारावाने आजचा दिवस चालवून घेतला.) त्या उड्डाणांवर माझा काही हक्क नाही आणि यापुढे सांगणार नाही, असं लिहून दिलं. तक्रार नाही तर विसंगती नाही, म्हणत साहेबांनी तुझी फाइल बंद केली, आणि या खेपेला चहा विचारला नाही. लिहून देताना वाईट वाटलं रे. फार वाटलं. इतकं खोटं मी कुठल्याच कागदावर कधी लिहिलं नव्हतं. पण हे तुझ्यासाठी केलं असा गैरसमज करून घेऊ नकोस. रविवारी पुसायला पदकं उरली नाहीत तर धाकटी तेवढा वेळ मला फोन करेल, आणि ते या वयात मला झेपायचं नाही.

ता.क. तिसरा, आणि कामाचा. परेडला तू यायचंस. गुडघ्याची सबब ऐकणार नाही, खुर्चीत घालून आणतो. पदकं लावून ये. पोरीला ती जवळून बघू दे, हात लावू दे. तुझी खुर्ची माझ्या आणि व्याह्यांच्या मध्ये टाकायला सांगितली आहे. माझा कोट बघितला की ती विचारेलच, मग इंजिन पेटलं त्या रात्री विमान कोण चालवत होतं. तेव्हा माझ्याकडे बघून हसू नकोस, विनोद करू नकोस. तिला नीट सांग.