आत्याबाईंची एकादशी

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्या या सुनेचेच केस पांढरे झालेत. तरी लिहायला बसले आणि आधी डोक्यावरचा पदर सावरला. एवढा तुमचा धाक अजून शिल्लक आहे.

निजामाच्या अमलातली गोष्ट. तुमच्या पाठीवर काळपुळी उठली, मधुमेह भडकला आणि पाथरीहून तुम्हाला बैलगाडीत घालून परभणीच्या दवाखान्यात नेलं. तुम्ही बेशुद्ध. डॉक्टर इन्सुलिनची सुई देत होते आणि शिरेतून ग्लुकोजही सोडत होते. साखर उतरवायची आणि वरून साखरच घालायची, हे मला काही उमजेना. डॉक्टर म्हणाले, "बाई, साखर चढली तरी माणूस जातं आणि एकदम उतरली तरी जातं. घरी सुई दिली की समोर बसून खाऊ घाला. घाम सुटला, हात कापले, तर लगेच साखरेचं पाणी पाजा."

तुम्ही वाचलात. घरी सुई उकळून टोचायचं काम माझ्याकडं आलं. साखरेचा डबा मी कुलपात घातला, साखर म्हणजे विष असं तुम्हाला दिवसातून दहादा बजावलं. "सून हाय का जमादार?" म्हणून तुम्ही रुसायचात आणि दंड मात्र मुकाट पुढं करायचात.

आणि ती एकादशी. मी सुई दिली, दूधकण्यांची वाटी समोर ठेवली आणि माहेरचं पत्र आलं होतं ते वाचायला ओसरीवर जाऊन बसले. देवानं जीव वाचवला म्हणून तुम्ही गुपचूप उपास धरलेला. कण्या गाईला घातल्यात. मी आत आले तर तुम्ही घामानं निथळताय, हात थरथरतायत, मला ओळखत नाही. साखरेचं पाणी ओठांना लावलं तर दात घट्ट मिटलेले. "साखर नको, इख हाय ते," एवढंच पुटपुटताय. माझीच शिकवण! मला रडू फुटलं. मग कसं सुचलं कोण जाणे, देवघरातली पळी आणली आणि म्हटलं, "आत्याबाई, तीर्थ घ्या." तुमचा उजवा तळवा आपोआप पुढं आला. पळी पळी करत ते साखरेचं पाणी सगळं पाजलं. थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणालात, "आज तीर्थ लय गोड हाय गं."

संध्याकाळी तुमचा लेक कचेरीतून आला आणि कडाडला, "सुई दिल्यावर समोर बसायचं, एवढंही हिला कळत नाही?" मी दाराआड उभी. तुम्ही पडल्या पडल्या म्हणालात, "तिला कशाला बोलायलास? समोरच बसली व्हती ती. म्याच तिला पाणी आणाया धाडलं अन् वाटी गाईम्होरं रिती केली."

तुम्ही मला पाणी आणायला धाडलं नव्हतं. पुढं होऊन खरं सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. लाज मला पुष्कळ नंतर वाटली, आत्याबाई. त्या वेळी नुसतं वाटलं, या घरात आपल्याला आई आहे.